गोंगाट या शब्दाची व्याख्या

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि गावात लाउडस्पीकरचं पीक आलं होतं. टुरिंग टॉकीजवाला टांग्याला कर्णा बांधून भरदुपारी बोंबलत फिरायचा. सत्यनारायण असो की बारसं, कर्णा हवाच. कोर्टात साक्षीदार काय सांगतो ते साहेबांना ऐकू येईनासं झालं, तेव्हा नगरपालिकेनं गोंगाटाला आळा घालायचे नियम करायला घेतले. बंदी घालणं सोपं असतं हो. गोंगाट म्हणायचं कशाला, हे ठरवताना घाम फुटतो. ते काम अमरसिंग वकिलाच्या गळ्यात पडलं.

अमरसिंग हा त्याच्या तांड्यावरचा पहिला वकील. त्याच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला, बापानं शेती केली आणि हा नागपूरला शिकून काळा कोट घालून परत आला. कोर्टासमोरच घर घेतलं. आई रुपीबाई आणि धाकटी बहीण लाली यांना तांड्यावरून तिथे आणलं, आणि घरात गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलायची नाही, असा दंडक घातला. शेजारी ऐकतात म्हणे.

नियमांसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव होते, ते कापसाच्या जिनाचे मालक. त्यामुळे पहिल्याच बैठकीत असं ठरलं की जिनाचा भोंगा हा गोंगाट नसून वेळेची सूचना आहे. मग सवलतींची यादी सुरू झाली. देवपूजा, भजन, अजान, लग्नातली वाजंत्री आणि गाणी, प्रेतयात्रेतला शोक. सायकल दुकानदार डोमाजी समितीवर होते. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस. ते म्हणाले, "बुद्धवंदना लिहा."

"भजनात येते ना ते," पुंडलिकराव म्हणाले.

"नाही येत. नावानं लिहा. नाही तर उद्या शिपाई म्हणीन, दाखवा कुठं हाय."

दोघा-तिघांनी तोंडं वाकडी केली. डोमाजी ढिम्म हलले नाहीत. शेवटी शब्द नावानं लिहिला गेला. मग ते अमरसिंगकडे वळले. "वकीलसाहेब, तुमच्या तांड्यावर नवरी निघते तवा बायाइच्या गळ्यात पडून रडते. मी ऐकलं हाय. निसतं रडणं नसते ते, बोल असतात त्याच्यात, चाल असते. ते कशात धराचं?"

ते म्हणत होते तो ढावलो. तांड्यावरची मुलगी सासरी जाताना आई, मावश्या, काका, भाऊ, एकेकाच्या गळ्यात हात टाकून गाते. प्रत्येकासाठी वेगळं कडवं, तिनं स्वतः जुळवलेलं. गाता गाता रडते आणि रडता रडता गाते. अमरसिंग लहानपणी असा ढावलो ऐकून बाजेखाली लपून हमसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं.

"एवढं मोठ्यानं रडतात?" पुंडलिकराव हसले. "मी म्हणलं कोणाले मारून राह्यले."

सगळे हसले. आणि अमरसिंगही हसला. "गाणं वगैरे काही नाही ते," तो म्हणाला. "अडाणी बायांचं खूळ आहे. दोन-चार वर्षांत आपोआप बंद पडेल."

बाजेखालचं ते हमसणं आठवलं. पण आठवलेलं चेहऱ्यावर दाखवायचं नाही, एवढं तो नागपूरला चांगलं शिकला होता. त्यानं टाक उचलला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'गोंगाट म्हणजे शांतता हद्दीत जमावाने मोठ्याने ओरडणे, भांडणे, विव्हळणे अथवा रडणे, मात्र प्रेतयात्रेतील शोक यातून वगळण्यात येत आहे.' कोर्टाच्या आसपासचा भाग शांतता हद्दीत आला. म्हणजे त्याचं स्वतःचं घरही आलं. व्याख्येची सगळ्यांनी तारीफ केली.

त्याच वर्षी चैत्रात लालीचं लग्न ठरलं. नवरा मारेगावकडचा शाळामास्तर. लग्न तांड्यावर व्हावं असं रुपीबाईचं म्हणणं होतं, पण अमरसिंगला वकील मंडळींना आणि पुंडलिकरावांना जेवायला बोलवायचं होतं. खुर्च्या, बँड, मांडव, सगळं घरापुढेच. रुपीबाईनं एकच अट घातली. "पोरगी मुकी जाणार नाही. तिचा ढावलो झाला पाहिजे."

"होऊ दे," अमरसिंग म्हणाला. नाही कसं म्हणणार?

तांड्यावरून म्हातारी भुरीबाई मुद्दाम येऊन राहिली. ती आणि रुपीबाई मागच्या खोलीत लालीला चाल शिकवत बसायच्या. कडवी मात्र लालीची स्वतःची. अमरसिंग दारावरून गेला की तिघी गप्प व्हायच्या. "तुझंही हाय रे, भिया," लाली एकदा हसून म्हणाली. भिया म्हणजे भाऊ. दंडक असूनही हा एक शब्द तिनं सोडला नव्हता. "सगळ्याइच्या शेवटी हाय तुझं. भावानं मोटारीत बसवाचं असते ना. तवाच ऐकजो."

लग्न लागलं, पंगती उठल्या. समोर कोर्टाचं काम चालू होतं. पुंडलिकराव आणि वकील मंडळी खुर्च्यांवर विडे चघळत बसली होती. डोमाजीही आले होते. भाड्याची मोटार मांडवाच्या तोंडाशी उभी राहिली आणि लालीनं आईच्या गळ्यात हात टाकले.

पहिला सूर निघाला आणि अमरसिंगच्या अंगावर काटा आला. तुझ्या चुलीच्या उजेडात मी वाढले गं याडी, आता माझ्या वाटेवर उजेड कोण धरील, असं ती आईला विचारत होती. बायांनी तिच्याभोवती कोंडाळं केलं आणि सूर उचलून धरला. मग भुरीबाई. मग काका हिरासिंग, ते पागोट्याच्या शेवात तोंड लपवून रडले. अमरसिंगचेही डोळे भरून आले होते. त्याच वेळी पुंडलिकराव खुर्ची मागे सरकवताहेत, एक वकील दुसऱ्याच्या कानाशी काही बोलतोय, हेही त्याला दिसत होतं. एका डोळ्यात पाणी आणि दुसऱ्यात लाज, अशी त्याची गत झाली.

एवढ्यात समोरून मारोती हवालदार रस्ता ओलांडून आले. टोपी सारखी करत, अवघडून उभे राहिले.

"साहेब, माफी असावी. कोर्टातून निरोप हाय, आत काही ऐकू येऊन नाही राह्यलं. कोणी मेलं का? मेलं असंल तं चालते, नियमात हाय तसं."

"नाही, लग्न आहे."

"मंग गाणं हाय का? गाणंही चालते. तुमी म्हणा तसं सांगतो जाऊन."

एवढंच विचारलं होतं त्या भल्या माणसानं. हो, आमच्याकडचं लग्नातलं गाणं आहे, एवढं एक वाक्य बोललं की काम भागत होतं. कायदा त्याचाच, सवलत त्यानंच लिहिलेली. पण पुंडलिकराव कान देऊन ऐकत होते. तेव्हा गाणं नाही म्हणालात, आज कसं झालं हो, असं त्यांनी हसत विचारलं असतं, आणि त्या हसण्याला अमरसिंग भ्याला. पंचवीस जणांचं भांडण कोर्टात उभं राहून भांडणारा माणूस एका हसण्याला भ्याला.

"रडताहेत नुसत्या," तो म्हणाला. "थांबवतो मी."

त्यानं वळून बायांना हात केला. "पुरे आता. बंद करा."

सूर तुटला. लाली तेव्हा त्याच्यासमोरच उभी होती, त्याच्या गळ्यात टाकायला दोन्ही हात वर उचललेले. ती क्षणभर तशीच राहिली. मग हात खाली घेतले, घुंगट ओढला आणि कोणी बसवायची वाट न बघता मोटारीत जाऊन बसली. रुपीबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. मोटार गेली, बँडवाल्यानं काहीतरी वाजवलं. ते नियमात बसत होतं.

दुसऱ्या दिवशी रुपीबाई भुरीबाईबरोबर तांड्यावर निघाली. "मुकी गेली माही पोरगी," एवढंच ती म्हणाली. त्यानं थांब म्हटलं नाही. म्हणायला तोंड कुठे होतं?

त्यानंतर अमरसिंगला अन्न गोड लागेना. कोर्टात जाताना तो मांडवाच्या खांबांचे खड्डे टाळून चालायचा. पुढच्या बैठकीत तो उभा राहिला आणि एका दमात बोलून टाकलं: "ढावलो हे गाणंच आहे. मला माहीत होतं. मी या समितीत खोटं बोललो. तो शब्द सवलतीत नावानं घाला."

आता हसतील, असं त्याला वाटलं होतं. कोणी हसलं नाही. पुंडलिकराव म्हणाले, "मंग तवाच सांगाचं ना, वकीलसाहेब. आमाले काय करा लागते? घाला." आणि घातला. पान खाऊन होईपर्यंत विषय संपलासुद्धा. जे इतकं सोपं होतं ते आपण केलं नाही, हे कळल्यावर त्याला समितीसमोर बसवेना. बाहेर पडताना डोमाजींनी गाठलं. "मीही होतो ना त्या दिशी मांडवात. मले तं माईत होतं, तरी गप राह्यलो. पाहुणा म्हणून." त्यांना धीर द्यायचा होता. अमरसिंगला मात्र त्यानं जास्तच मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात तो मारेगावच्या एसटीत बसला. लाली अंगणात सरकी वाळत घालत होती. भाऊ दिसताच तिनं पदर सारखा केला, पाण्याचा तांब्या आणला, पाय धुवायला दिलं. माहेरचं माणूस पहिल्यांदा आलं की तांड्यावरची पोरगी गळ्यात पडून रडते. तो उंबऱ्याशी जरा रेंगाळला. तिनं सतरंजी अंथरली.

"तो शब्द घातला नियमात," तो म्हणाला. "आता कोणी अडवणार नाही."

"बरं केलं तुमी. दुसऱ्या पोरीइले होईन."

तुमी. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला तुमी म्हणाली.

"लाली, चुकलो मी. लाज वाटली मला त्या लोकांची. माझ्या वाट्याचं जे होतं ते आता म्हण. इथे कोणी नाही. मी ऐकायला आलो."

ती सरकी सारखी करत राहिली. रागावलेली दिसत नव्हती, आणि त्याचंच त्याला भय वाटलं.

"ते आता नाही जी," ती म्हणाली. "भावाचा ढावलो पोटात घेऊन सासरी जात नसतात, माहेराले बाधते. मोटार पाण्यासाठी थांबली होती वाटेत, तिथं मोहाचं झाड होतं. मी उतरली, त्याच्या गळ्यात हात टाकला आन् सगळं म्हणून घेतलं. तुमचं नाव घेऊन म्हणलं. मास्तरायनं हात धरून उठोलं मले."

"काय होतं त्यात?"

"एकडाव दिलं ते दिलं. पुन्हा म्हणता येत नाही." मग त्याचा चेहरा पाहून तिला दया आली असावी. "वाईट काही नव्हतं, चांगलंच होतं तुमचं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.