गंगामाईचा पुजलेला पंप

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या दोन्ही मालकांच्या अंगात वारं शिरलं. बसलिंगप्पा आडतीचे व्यापारी, अमृतराव इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेले, आणि लेथवर मी, व्यंकटी. दुष्काळ पडलेला, सरकार गावोगाव बोअर पाडत सुटलेलं. आपण हातपंप बनवायचे, असं ठरलं. पहिला पंप मी आठवड्यात उभा केला. कारखान्याचं नाव ठरवायला मालकांना अख्खा पावसाळा लागला, तोही कोरडा.

बसलिंगप्पांना देवाचं नाव हवं होतं. अमृतरावांना ‘इंटरनॅशनल’ पाहिजे होतं, कारण आता आपण जिल्ह्याचं ठिकाण! शेवटी ‘श्री गंगामाई इंटरनॅशनल इंजिनिअरिंग वर्क्स’ अशी पाटी रंगली. ती शेडपेक्षा लांब निघाली, म्हणून शेड वाढवलं.

“मालक, पयला पंप हौदावर चालवून बघू,” मी म्हणालो. “उघडू, चुकलं ते नीट करू. आतला चामड्याचा वायसर ढिला वाटतोय.”

“दुष्काळात पाणी नासतो का रे?” बसलिंगप्पा खेकसले. त्यांनी पंपाला विभूती लावली, हार घातला, नारळ फोडला. “आता पुजलेली वस्तू खोलायची न्हाई. ह्याच्यावरूनच बाकीचे कर.”

अमृतरावांनी मान डोलावली. ह्यांना कॉलेजात शिकवलं तरी काय, कुणास ठाऊक.

तो पंप मी हट्टानं माझ्याच गावाला मागून घेतला; बसवताना गुपचूप वायसर बदलू, असा बेत होता. माझी आई धुरपताबाई दोन कोसांवरून पाणी आणायची. तिची पायपीट थांबावी, एवढंच मला हवं होतं. मालक जीपनं जाऊन पंप बसवून आले. भाषणं झाली, फोटो निघाले. मला मात्र शेडात तसलेच पंप करायला बसवलेलं.

पुढं गावाकडून निरोप आला, पाणी येईना. मी नवा वायसर आणि पाना घेऊन एसटी पकडली. राग डोक्यात मावत नव्हता.

पंपाला कुंकवाचे थर चढले होते. आई डोक्यावर घागर घेऊन समोरून येत होती. मी पाना लावला, तशी तिनं घागर उतरवून माझा हात धरला.

“खोलू नगंस! पुजलेला हाय. तुझे मालक सांगून गेलेत, गंगामाई कोपंल.”

“आई, खोलला की पाणी येतं गं!”

“येईल की. समदं गाव पूजा करतंय त्याची.”

आणि तिनं घागरीतलं तांब्याभर पाणी पंपावर ओतून हात जोडले.