बोयानाची दाढ आणि आजीचा उपास

ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात आमचे पाद्री मेतोदी प्रवचन गाऊनच सांगतात. मांसाला शिवू नका, जिभेचे चोचले आवरा, असा सूर त्यांनी लावला की पहिल्या ओळीतल्या स्तोइल्काआजीच्या डोळ्यांना धार लागते. उपास करावा तर हिनंच, असं सारं गाव म्हणतं.

तिच्या नातीची, बोयानाची, दाढ किडली. गाल टम्म फुगला. शनिवारी लाझारचा सण, पोरी त्याची गाणी म्हणत घरोघर जाणार आणि हिला धड तोंड उघडेना! आजीनं तिला दातांच्या डॉक्टर नेवेनाबाईंच्या खुर्चीत आणून बसवलं. नेवेनाबाई म्हणजे पाद्रीबुवांचीच बायको.

"ही टोपी नाकावर ठेवायची," बाई म्हणाल्या. "गोड वासाचा वारा येतो. झोप नाही लागत, नुसतं हलकं वाटतं, हसू येतं. मग दुखतंय तेही फारसं कळत नाही."

बोयानानं दोन्ही हातांनी नाक गच्च धरलं.

"टोपीला भ्यालीस होय गं, वाघिणी?" आजी म्हणाली. "काल तर कोंबड्याच्या अंगावर धावून गेलीस!"

"टोपीला कोण भितंय!" पोरगी आजीच्या कानाशी लागली. "दादा म्हणाला, हा वारा घेतला की पोटातलं सगळं खरं बाहेर पडतं. मग मी तुझं ते माळ्यावरच्या सॉसेजचं सांगून टाकीन ना!"

आजीनं भिंतीवरच्या मरियामातेकडे पाहिलं, मग नातीच्या गालाकडे.

"डॉक्टरबाई, घरी जाऊन खुशाल सांगा. उपासात मी सॉसेज खाल्लंय. एकदाच. झालं! आता या पोरीला लपवायला काही उरलं नाही. लावा ती टोपी."

"मला ठाऊक आहे, आजी. परवा तुमची कवळी कुणी साफ केली?"

"अगं बाई! मग बुवांना...?"

"कवळीतलं मी घरी नेत नाही."

बोयानानं नाक सोडलं. थोड्याच वेळात ती खुदखुदायला लागली.

"आजी, एकदाच कुठं? शुक्रवारी पण खाल्लंस की!"

"बाई," आजी घाईघाईनं म्हणाली, "वारा फार झाला वाटतं. काढा ती दाढ लवकर!"

शनिवारी पाद्रीबुवांच्या अंगणात बोयाना सगळ्यांत मोठ्यानं गायली. आजी मात्र फाटकाबाहेरच उभी राहून ऐकत होती.