केळीला मानवणारी थंडी

मी फाटक्या तोंडाची बाई, हे अख्ख्या दापोऱ्याला ठाऊक आहे. केळीचा ट्रक दारासमोर आडवा लावणारा ड्रायव्हरसुद्धा मला पाहून "गलती हो गई मालूबाई" म्हणत गाडी मागं घेतो. संधिवातानं माझं तोंड तेवढं शाबूत ठेवलं, बाकी सगळं धरलं. सकाळी बोटं अशी ताठायची की पदर खोचायलाही नवरा लागायचा. लाजेनं जीव नकोसा व्हायचा, खरं सांगते.

त्यात तृप्ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. एकुलती एक लेक माझी. आमच्याकडं बाळाला न्हाऊ घालायचा मान आजीचा. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं आणि अंगात तेल जिरवायचं. तृप्तीला माझ्या आईनं असंच वाढवलं. देवाकडं मी दुसरं काही मागत नव्हते. माझं नातवंड माझ्या हातानं न्हायला हवं, बस.

इंदूरच्या डॉक्टर मॅडमनी आशा लावली. हा झिजेचा वात नाही म्हणाल्या. अंगातली जी ताकद बाहेरच्या रोगाशी लढते, तीच उलटून सांध्यांना खातेय. पूर्वी फक्त दुखणं दाबायचो, आता त्या उलटलेल्या ताकदीलाच आवरणारी इंजेक्शनं आलीत. छातीचा फोटो काढला, टीबी नाही ना ते बघितलं, आणि कुठल्याशा संस्थेकडून त्यांनी मला ती मिळवून दिली. पहिली दोन तिथंच टोचली.

मायबाई, काय सांगू! एका सकाळी वेणी घालून मोकळी झाले आणि मग ध्यानात आलं, की अरे, ही वेणी मी घातली. ढसाढसा रडले. हे म्हणाले, "अगं रडतेस काय, चहा टाक." आणि स्वतःच डोळे पुसत अंगणात गेले. मी पाट काढला, पाय पसरून बसून पाहिलं. जमलं! उशी नडग्यांवर घेऊन चोळून पण पाहिली. हे दारातून हसत होते, तर म्हटलं, हसता काय, पाणी तापवायचं काम तुमचंच आहे.

उरलेली इंजेक्शनं आम्ही बर्फाच्या डब्यातून घरी आणली. नर्स म्हणाली होती, ठंडे में रखना, पर जमने मत देना. आता थंडी म्हटली की आमच्या ह्यांनी, आत्माराम पाटलांनी, दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नसतं. बुऱ्हाणपूरच्या रस्त्याला एका व्यापाऱ्याचं केळी पिकवायचं चेंबर आहे, ते हे सांभाळतात. हिरवा माल बंद गार खोलीत ठेवून बेतानं पिवळा करायचा. नुसता दरवाजा उघडून हे सांगतात, आज एक डिग्री जास्त आहे.

"घरच्या फ्रिजचा काय भरवसा?" हे म्हणाले. "लाईट दिवसभर जाते. आणि फ्रिजात केळ ठेवून बघ, काळं ठिक्कर पडतं. इतकं नाजूक औषध, त्याला ती थंडी सोसेल का? आपल्या चेंबरात जनरेटर आहे."

मलाही पटलं. उलट अभिमान वाटला. चेंबरात त्यांनी वरच्या फळीवर जागा केली, हमालांना हात लावू दिला नाही. दर खेपेला रुमालात गुंडाळून एक घेऊन यायचे, गावातला कंपाउंडर टोचायचा. लेकराला आणावं तसं जपून आणायचे हो.

आणि हळूहळू माझी बोटं परत ताठायला लागली. आधी वेणी गेली, मग पाट गेला. देवाला शिव्या घातल्या, कंपाउंडरला घातल्या. मनगटं सुजून टम्म झाली तेव्हा इंदूर गाठलं.

मॅडमनी हातांचा नवा फोटो पाहिला आणि सहज विचारलं, "रखते कहाँ हो?"

हे खुर्चीत सावरून बसले. "मॅडम, उसकी चिंताच नको. केळीच्या चेंबरमध्ये. चोवीस घंटे सोळा-सतरा डिग्री, काटा हलत नाही."

मॅडमनी फोटो टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, दो से आठ डिग्री में रखना था, डब्यावर लिहिलंय. औषध तिथं मेलं की माझ्या अंगानंच ते नाकारलं, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. नवं सुरू करू, पण गुण यायला दोन-तीन महिने लागतील. जेवढं हाड खाल्लं गेलं तेवढं परत येणार नाही. तृप्तीला तेव्हा नववा लागला होता.

बसमध्ये हे म्हणाले, "बोल ना काहीतरी. शिव्या दे." मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या भल्यासाठीच मरमर राबलेल्या माणसाला काय बोलायचं? पाणी मागितलं, त्यांनी झाकण उघडून बाटली तोंडाला लावली.

तृप्तीला सांगितलं, औषध लागू पडलं नाही. मुलगी झाली, गोरीपान. न्हाऊ घालायला गावातली भागीरथी यायला लागली. तिच्या नडग्यांवर माझी नात, आणि मी खुर्चीतून "मान धर, कानात पाणी जातंय" असं ओरडायची. भागीरथी बिचारी ऐकून घ्यायची.

परवा तृप्ती अंघोळीला गेली आणि जाताना बाळ माझ्या मांडीवर ठेवून गेली, दोन्हीकडं उशा लावून. बाळानं अंग ताणलं. एक उशी सरकली. पोर घसरायला लागली आणि माझ्या हातांना तिला धरता येईना. मनगटांनी दाबून पाहिलं, कोपर आडवं घातलं, तरी ती खाली खालीच जात होती. मी किंचाळले, "अहो, धरा!"

हे ओल्या हातानं धावत आले. बाळाला उचललं, छातीशी घेतलं. तिला काहीसुद्धा झालं नव्हतं. आणि तेव्हा माझं तोंड सुटलं.

"तुमच्या चेंबरनं खाल्ले माझे हात! लेकराला धरता येत नाही मला! केळी समजलात काय मला, केळी?"

मोरीच्या दारात तृप्ती उभी होती, ओल्या केसांनी. तिनं सगळं ऐकलं. तिनं बापाकडं पाहिलं, आणि त्यांनी मान खाली घातली. बाळाला थोपटत राहिले. मला वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "झोपली. हिला कुठं ठेवू?"

माझ्याकडं द्या, असं मला म्हणता आलं नाही.