खिशाच्या झाकणाखाली

बाईंनी कोट आमच्या शिलाईच्या टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काही उचलेनात.

"आईचा आहे. ती गेली, हा राहिला. ती काडीसारखी, मी ही अशी! मला बसेल असा करून द्या. बिघडला तर दुसरा नाही मिळायचा."

जांभळी मखमल. दोन्ही कुशींत पट्ट्या घातल्या की रुंद झाला असता; पण पट्ट्यांसाठी कापड मिळणार ते खालचा घेर कापूनच, आणि ते तुकडे काखेपासून खालपर्यंत पुरेनात. आडवे लावावेत तर मखमलीची लव फिरते, एकाच कोटात दोन जांभळे रंग दिसतात.

"नाही व्हायचं," मी म्हटलं.

"आई, थांबा. बघते." माझ्या सुनेने फोन काढला.

"बघ बाई," मी म्हटलं. "सासूपेक्षा त्या डबडीला अक्कल जास्त!"

"डबडीला नाही हो. डबडीतल्या माणसांना."

मला मामंजी आठवले. कापड बेतायला घेतलं की सगळ्यांकडे पाठ करायचे. त्या काळी सारेच कारागीर तसे. विद्या चोरीला जाईल ही धास्ती. मी चहाच्या निमित्ताने घुटमळायची आणि खडूच्या दोन रेघा डोळ्यांत भरून घ्यायची. काय हात होता त्यांचा! गेले तेव्हा निम्मी विद्या बरोबरच गेली.

"हा लबाड आहे," सून फोनवरचा व्हिडिओ बघत म्हणाली. "तुकडा उलटा लावलाय. उजेडात बघा, काळा पडलाय." पुढचा व्हिडिओ तिने अर्ध्यावर सोडला. तिसऱ्यात एक म्हातारा होता. त्याची भाषा आम्हाला कळेना, पण हात कळत होते. लव सरळ ठेवून त्याने तुकड्याखाली तुकडा जोडला आणि जोडावर रुंद पट्टा शिवला.

"मग जमलं की!" मी म्हटलं.

"छे, पट्टा कसला? पोत्याला दोरी बांधल्यासारखं दिसेल."

"मला ऐकू येतंय," बाई म्हणाल्या.

सुनेने जीभ चावली. फोन पालथा टाकला आणि कोट चाचपत राहिली. मग म्हणाली, "आई, खिशाची झाकणं जरा मागे सरकवली तर? जोड त्यांच्याखाली जाईल."

हे त्या म्हाताऱ्याने दाखवलं नव्हतं, मामंजींनीही नाही. मी टेप लावून पाहिली. जोड बरोबर झाकणाखाली जात होता.

"बिघडणार नाही ना?" बाईंनी विचारलं.

"अजिबात नाही," मी म्हटलं, आणि सुनेला कात्री चालवू दिली.

कोट न्यायला आल्या तेव्हा बाईंनी अंगातला कोट काढून टेबलावर ठेवला, आईचा चढवला आणि सगळी बटणं लावली. हात वर केले, खुर्चीत बसून पाहिलं, उठल्या. आरशासमोर उभ्या राहिल्या. मग तशाच, तो कोट घालूनच निघाल्या.

"अहो, तुमचा कोट राहिला!" सून दाराकडे धावली.

"राहू दे गं," मी तिला अडवलं. "आत्ता हाक नको मारूस."