न तापणाऱ्या गाडीतला हीटर

मित्रांनो, मी हीटर आहे. जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये, पायांच्या वर, डॅशबोर्डच्या पोटात बसवलेला. माझा पत्ता सांगितला की लोक हसतात, म्हणून तुम्हीही आधी हसून घ्या. मी राहतो पनवेलजवळच्या गव्हाण गावात. जिथे माणसं डिसेंबरातही पंखा लावून झोपतात, तिथे मी म्हणजे टकल्याच्या घरातला कंगवा.

माझा जन्म इथला नाही. उत्तरेतल्या एका कारखान्यात तांब्याच्या बारीक नळ्या जोडून मला घडवलं. माझा पहिला मालक सिमल्याकडून सफरचंदं वाहून न्यायचा. त्याच्या केबिनमध्ये मला फार मान होता. बर्फाच्या दिवसांत तो गाडीत बसला की आधी माझ्यासमोर हात धरायचा आणि मगच स्टिअरिंगला हात लावायचा. मी काचेवरचं धुकंही पुसायचो. त्या दिवसांची आठवण आली की अजून बरं वाटतं.

माझं काम सोपं आहे, पण ते समजून घ्या. माझ्याजवळ आग नसते. इंजिन तापतं, त्याला निववण्यासाठी पाणी त्याच्याभोवती फिरतं, आणि त्यातलंच थोडं गरम पाणी माझ्या नळ्यांतून जातं. मागचा पंखा त्यावरून वारा सोडतो. पाणी गरम असेल तर मी गरम.

पुढे गाडी विकली गेली आणि आम्ही समुद्राकाठी आलो. नवा मालक काशिराम. जातीचा कोळी. खाडीत मासळी मिळेनाशी झाली तेव्हा वडिलांची होडी विकून त्याने हा ट्रक घेतला होता. तो जासईच्या यार्डातून कंटेनर उचलायचा आणि पुण्याला पोहोचवायचा. गाडीला तो फार जपायचा. मला मात्र त्याने कधी सुरू केलं नाही. माझ्या जाळीत त्याची बायको शांती पावत्या खोचायची आणि एकदा तर तिने तिथे सुक्या बोंबलाची पुडी ठेवली होती. तो वास महिनाभर माझ्या नशिबी होता. चालायचंच.

त्या वेळी एक गोष्ट घडली. खंडाळ्याच्या घाटात आमचं इंजिन उकळायला लागलं. रेडिएटर गाळाने भरला होता. कळंबोलीच्या हरेश मिस्त्रीने इकडच्या घाटवाल्यांचा ठरलेला उपाय केला. त्याने थर्मोस्टॅट काढून टाकला. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतलं छोटं दार. इंजिन नीट तापेपर्यंत ते मिटलेलं असतं आणि मग उघडतं. दारच काढल्यावर पाणी पहिल्यापासून रेडिएटरकडे पळू लागलं आणि इंजिन थंड राहू लागलं. पुढे काशिरामने रेडिएटर नवा बसवला, पण दार परत बसवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. उलट, काशिराम चहाच्या टपरीवर छाती काढून सांगायचा, "आपली गाडी घाटात तापतच नाय!" ऐकणारे मान डोलवायचे. घाट चढणाऱ्यांत याहून मोठं कौतुक नाही.

मग गेल्या हिवाळ्यात काशिरामला कर्नालची खेप मिळाली. हरियाणात शिरलो आणि थंडीने दात दाखवले. त्याने माझ्या जाळीतल्या पावत्या काढल्या, बटण फिरवलं आणि हात पुढे केला. माझ्याकडे पाणी आलं ते कोमट. मी जेवढं होतं तेवढं दिलं. त्याची बोटं तरुणपणी जाळी ओढून सुजलेली, थंडीत ती आखडतात. एका हाताने तो काच पुसत होता आणि दुसऱ्या हाताची मूठ स्टिअरिंगवर मिटली ती उघडेना. धुक्यातून उसाची ट्रॉली एकदम समोर आली. ब्रेक लागला, थोडक्यात वाचलो. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

घरी परतल्यावर त्याने शांतीला सगळं खरं सांगितलं. ती ओरडली नाही. त्याची बोटं आपल्या हातात घेऊन एवढंच म्हणाली, "हीटर चालला तरच आता वर थंडीत जायाचं. नाय तर गाडी विकाची."

"होडी गेली. आता गाडी बी घालवू?" काशिराम म्हणाला.

"गाडी गेली तर परत घेता येईल," ती म्हणाली, आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी तीही बरोबर कळंबोलीला आली. नवरा हरेशला फितवून "झालं सगळं ठीक" म्हणून घरी येईल, अशी तिला खात्रीच होती. हरेशने काम चालू केलं. रेडिएटरचं पाणी बघितलं, ते पुरेसं होतं. माझ्या वाटेवरचा नळ बघितला, तो उघडा होता. पाण्यात हवा अडकली असेल म्हणून इंजिन चालू ठेवून ती काढली. मग माझ्या नळ्या सोडवून पाण्याच्या जोराने धुतल्या. तांबडा गाळ निघाला, मला हलकं वाटलं, पण ऊब होती तेवढीच.

हरेश हात पुसत म्हणाला, "काशिरामभाऊ, हीटरच कमजोर झालाय. या मॉडेलचा नवीन आता मिळत नाही. सॉरी, पण याचं लाइफ संपलं."

मी कमजोर! मला तोंड असतं तर त्या दिवशी मी हरेशला चार शब्द सुनावले असते. काशिराम बॉनेटवर हात ठेवून नुसता उभा राहिला. ते पाहून माझा राग गेला आणि नुसती भीती उरली.

शांती केबिनमध्ये माझ्यासमोर हात धरून बसली होती. इंजिनचा ताप दाखवणाऱ्या काट्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "ओ हरेशभाऊ, हा काटा कवापासून खालीच झोपलाय. गाडी तर चालू हाय."

काशिरामला तेवढ्यातही अभिमान आवरला नाही. "अगं, ती आपली गाडी हाय. तापतच नाय ती."

"मंग जी सोताच तापत नाय, ती तुमाला काय ऊब देनार?"

हरेशचा पुसणारा हात थांबला. त्याने कपाळावर हात मारला. "अरे यार! थर्मोस्टॅट! मीच तर काढला होता. परत टाकलाच नाही!"

तो बसवायला वेळ लागला नाही. वेळ लागला काशिरामला तयार करायला. "घाटात उकळली म्हंजे? इंजिन गेलं तर विकाला बी काय उरनार नाय," तो म्हणत होता. हरेश म्हणाला, "रेडिएटर नवा आहे भाऊ, आता नाही उकळणार." पण घाटात पोळलेल्या माणसाची भीती बोलण्याने जात नाही.

म्हणून पुण्याचा भरलेला कंटेनर घेऊन आम्ही भर दुपारी खंडाळ्याच्या घाटाला लागलो. शांती शेजारी बसली होती. मी पूर्ण सुरू होतो आणि काचा बंद. काटा हलला. जिथे तो कित्येक वर्षांत गेला नव्हता, तिथपर्यंत चढला. काशिरामची नजर रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त.

"चढतोय गं. बाजूला घेतो."

"तुमी रस्ता बगा. काटा मी बगतंय," शांती म्हणाली.

काटा मध्यापाशी आला आणि थांबला. पुढे चढ होता, वळणं होती, पण तो तिथेच राहिला. आणि माझ्या नळ्यांत, सिमला सोडल्यापासून पहिल्यांदा, कढत पाणी आलं. मी अधाशासारखा गरम वारा फेकत सुटलो. दोघं घामाने चिंब झाली. शांती पदराने तोंड पुसत हसायला लागली, पण मला बंद मात्र तिने वर पोहोचेपर्यंत करू दिलं नाही. खंडाळ्याला तिने काच खाली केली आणि म्हणाली, "जा आता कर्नालला."

परवा आम्ही कर्नालजवळ एका ढाब्यावर सकाळी थांबलो होतो. बाहेर धुकं एवढं की ढाब्याची पाटी दिसत नव्हती. आमची काच स्वच्छ होती. शांतीचा व्हिडिओ कॉल आला. काशिराम मोबाइल तोंडासमोर धरून हसला.

"तोंड नको," ती म्हणाली. "हात दाखवा."

त्याने हात दाखवला. मूठ मिटली, उघडली, एकेक बोट हलवून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, काढलेला भाग आठवणीने परत बसवा, हे तर मी सांगेनच. पण आणखी एक सांगतो. तुमच्या घरात, वर्गात कुणी गार पडलेलं दिसलं तर "हा कमजोर आहे" असं लगेच म्हणू नका. त्याच्यापर्यंत ऊब पोहोचते आहे का, ते आधी हात लावून बघा.