रद्द केलेला नमुना

“अठ्ठावीस वय आणि साखर एवढी? आधी कधी रक्त तपासलं होतंस?” डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरून नजर न उचलता विचारलं.

“चार वर्षांपूर्वी. दादानंच घेतलं होतं,” धाकटी म्हणाली. “सगळं ठीक होतं. हो ना रे?”

दादा म्हणजे त्याच दवाखान्याच्या लॅबमधला तंत्रज्ञ. तो दाराशी उभा होता. त्याने मान डोलावली आणि त्याच क्षणी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ठीक नव्हतं. त्या वर्षी लॅबमध्ये इन्शुलिन मोजायचं नवं मशीन आलं होतं. ते बरोबर मोजतं की नाही हे बघायला वीस धडधाकट तरुणांचं उपाशीपोटी घेतलेलं रक्त हवं होतं. एकोणीस जमले, विसावी म्हणून त्याने बहिणीला झोपेतून उठवून आणलं. पोहायला शिकवणारी, सडपातळ, काटक पोर. तिच्याहून धडधाकट आणखी कोण मिळणार? तिची साखर अगदी व्यवस्थित आली, इन्शुलिन मात्र इतरांच्या तिप्पट. मशीन खोटं म्हणावं, तर बाकीचे एकोणीस आकडे शहाण्यासारखे वागत होते.

मग बहीणच खोटी; पोटात काही गेलं की इन्शुलिन वाढतंच. “वाटेत काहीतरी खाल्लंस ना?” त्याने फोनवर विचारलं होतं.

“आईशप्पथ, काही नाही!”

लहानपणी भावाच्या डब्यातलं चोरून खाणारी ती, तिच्या शपथेला काय अर्थ? त्याने हसण्यावारी नेलं. ‘उपाशी नव्हती’ असं लिहून तिचा नमुना रद्द केला आणि तिच्या जागी स्वतःचं रक्त घातलं. लॅबच्या साहेबांनी पाठ थोपटली.

साखर वाढण्याच्या कितीतरी आधीपासून शरीर जास्तीचं इन्शुलिन ओतून तिला ताब्यात ठेवत असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. परीक्षेत त्याने ते लिहिलंही होतं. सख्ख्या बहिणीच्या रक्तात दिसलं तेव्हा मात्र त्याची अक्कल शेण खायला गेली होती.

“तेव्हा इन्शुलिन वाढलेलं होतं,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. “मला वाटलं, ही खोटं बोलतेय. मी तो नमुनाच रद्द केला.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “तेव्हा कळलं असतं तर कदाचित आज गोळ्या लागल्या नसत्या. निदान लांबल्या तरी असत्या.”

धाकटीने टेबलावरचा रिपोर्ट उचलून पर्समध्ये ठेवला. भांडली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. तो शरमेने फरशीकडे बघत राहिला.

आणखी तपासण्यांसाठी पुन्हा रक्त द्यायचं होतं. लॅबमध्ये त्याने नवी सुई काढली, कापूस भिजवला आणि आपल्या टेबलापुढची खुर्ची ओढून दिली. धाकटी सुईला फार घाबरायची. आजवर त्याच्याशिवाय कुणालाही तिने टोचू दिलं नव्हतं.

ती पलीकडच्या टेबलाशी, महिन्यापूर्वी रुजू झालेल्या मुलीसमोर जाऊन बसली. “तुम्ही घ्या,” म्हणाली आणि बाही वर केली. मुलीला शीर सापडेना, दोनदा टोचावं लागलं. धाकटीचे डोळे भरून आले, पण तिने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही.