बाबांचं टेबल

उद्याच्या सादरीकरणाला बॅगांच्या कारखान्याचे मालक स्वतः येणार, असं मॅडमनी वर्गात सांगितलं. आमच्या गटातल्या बाकीच्यांनी बाकं वाजवली. मी बाकाखाली पाय हलवत बसले. माझी ही सवय आईला अजिबात आवडत नाही, पण डोकं फिरलं की माझे पाय माझं ऐकत नाहीत.

मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला असा एक प्रकल्प असतो. खऱ्याखुऱ्या धंद्यात जायचं, काम कुठे अडतंय ते शोधायचं आणि त्यावर उपाय सुचवायचा. निम्मे मार्क त्याचेच. आम्हाला कुणी दारात उभं करेना, तेव्हा मी बाबांना गळ घातली. बाबा त्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर असतात. शिवून आलेली शाळेची बॅग तपासायची, चांगली असली तर खोक्यात, नाहीतर परत शिलाईला. त्यांनी मालकांकडे शब्द टाकला, मालक हो म्हणाले, आणि बाबांनी घरी येऊन ते अशा थाटात सांगितलं की मला नोकरीच लागल्यासारखं वाटलं.

मोजायला गेलो त्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बाबांना काम करताना मी पहिल्यांदाच बघत होते. प्रत्येक बॅगेची चेन तीन-तीनदा उघडझाप, पट्टे ओढून बघणं, अस्तर बाहेर काढून टाके न्याहाळणं, वर कपड्याने पुसणं. मला अभिमान वाटला. आमच्या गटप्रमुखाला सगळे साहेब म्हणतात, कारण तो नोकरी लागायच्या आधीपासून टाय बांधून फिरतो. तो मोबाइलवर वेळ मोजत होता आणि बाबांच्या टेबलामागे बॅगांचा ढीग वाढत होता.

पुढचं सांगायला नकोच. आमच्या तक्त्यात एकच खांब लालभडक, आकाशाला भिडलेला, बाबांच्या टेबलाचा. उपाय साहेबानेच काढला. शेवटचं टेबल बंद करा, ज्याने शिवली त्यानेच बॅग तपासावी. "मनाला लावून घेऊ नकोस हं," तो मला म्हणाला, "मुलांचे रिपोर्ट कोण वाचतं?" मलाही तेच सोयीचं वाटलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो मीच, हे मात्र मालकांचं नाव ऐकेपर्यंत डोक्यात शिरलं नव्हतं. त्यांनी रिपोर्ट आधीच मागवून घेतला होता, आणि त्यांना तो आवडला होता.

कॉलेज सुटल्यावर बसथांब्यावर कारखान्यातल्या शिलाईवाल्या काकू भेटल्या, दुपारच्या पाळीला निघालेल्या. बाबांच्या टेबलाच्या अलीकडे त्यांचं मशीन असतं.

"काय गं, झाला का अभ्यास?" त्या हसत म्हणाल्या. "त्या दिवशी तुझ्या बापाने आमचा जीव खाल्ला. एरवी बॅग हातात आली की गेली. चेनच्या आवाजावरून ओळखतो तो. त्या दिवशी मात्र बॅगेला नुसती अंघोळ घालायची बाकी ठेवली."

"मग त्या दिवशी असं का केलं?"

"लेक बघायला आली होती ना. म्हणे, तिला सगळं नीट दिसायला हवं."

बस आली, काकू चढल्या. मी तशीच मागे पळत कॉलेजात गेले.

मॅडमनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "चूक माहीत असून तेच सादर केलंस तर मी शून्य देईन. आत्ता जा, पुन्हा मोजा. पण उपायच कोसळला तर उद्यापर्यंत नवा कुठून आणणार, ते तुमचं तुम्ही बघा. मार्क उपायाला आहेत."

साहेबाला घेऊन मी तडक कारखान्याकडे निघाले. तो वाटभर कुरकुरत होता. मला फक्त चालायचं होतं, भराभर.

मला दारात बघताच बाबांनी हातातली बॅग खाली ठेवली, केसांवरून हात फिरवला आणि पुसायचा कपडा शोधायला लागले.

"बाबा, तसं नको. रोज करता तसं करा."

"रोजचं काय बघायचंय त्यात?" ते म्हणाले. "तुला नीट कळलं पाहिजे."

मशीनं चालू होती, म्हणून मला मोठ्याने बोलावं लागलं. "आम्ही रिपोर्टमध्ये लिहिलंय की तुमचं टेबल बंद करा. तुम्ही हळू आहात म्हणून. मालकांनी वाचलंय ते."

काकूंच्या जागेवरचं मशीन तेवढं थांबलं. बाबा माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आता पुन्हा मोजणार?"

"हो. खरं किती लागतं ते."

"मग तुझं लिहिलेलं खोटं ठरेल."

"ठरू दे."

"मार्क जातील?"

मला खोटं बोलता आलं असतं. "जातील," मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली. बॅग पुढ्यात ओढली, चेन सावकाश उघडली, सावकाश बंद केली, पुन्हा उघडली. मग अस्तर बाहेर काढून एकेक टाका बघायला लागले.

"माझी आता अशी किती वर्षं राहिलीत," ते बॅगेकडे बघतच म्हणाले. "तुझी सुरुवात आहे. मोज बाळा."

साहेबाने मोबाइल खिशात घातला. त्याला टाय सैल करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला इतका राग आला की रडूच फुटलं. "बाबा, मी नापास झाले तर परत बसेन परीक्षेला," मी म्हणाले. "तुम्हाला ते परत बसवणार नाहीत. आणि तुमची जागा घालवून मी पास झाले, हे मला जन्मभर सांगत फिरायचं नाही."

त्यांचे हात थांबले आणि पुन्हा तितक्याच सावकाश टाक्यांवरून फिरायला लागले. मी समोर असेपर्यंत हा माणूस ऐकणार नाही, हे मला कळलं. मी त्यांच्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि साहेबाला म्हटलं, "लाव घड्याळ."

बराच वेळ मागे काहीच हललं नाही. मग एक बॅग धप्पकन खोक्यात पडली. लगेच दुसरी पडली. तिसरी पडली तेव्हा साहेब पुटपुटला, "अगं, मला लिहायलाही वेळ मिळत नाहीये." मी वळून बघितलं नाही.